फवारल्यावर बाराव्या दिवशी तीच कीड: ज्वारी, हरभरा आणि वांगी एकाच रानात असताना नेमकं चुकतं कुठं

मार्गशीर्ष लागला की ठरलेले फोन सुरू होतात. गाव बदलतं, गाऱ्हाणं तेच. "दादा, वांग्यावर मावा होता. फवारा मारला, दोन दिवसांत साफ. आता बारा दिवसांनी बघायलो तर पहिल्यापेक्षा जास्त. वरून पानंही तांबूस पडायलीत. औषध बोगस निघालं का?"

असूही शकतं. पण त्याआधी मी एकच विचारतो: वांग्याच्या बाजूला काय पेरलंय, आणि पंप तिकडं फिरवला होता का? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं (त्यातला चिकटा म्हणजे ज्वारीवरचा मावा). "ज्वारीवर चिकटा होता. टाकीत औषध उरलंच होतं, मग तिच्यावरबी मारून घेतलं."

गोम तिथंच आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून लगेच ओळखू येते. लातूरच्या रेणापूर तालुक्यात माझं अडीच एकर काळं रान. रब्बीत मालदांडी ज्वारी, तिला लागून हरभऱ्याचे पट्टे आणि विहिरीकडच्या वीस गुंठ्यांत वांगी, मिरची. तीन वर्षांपूर्वी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळा गोतावळा रानात होता. भज्जी-आंबील झाली, खोपीसमोर पूजा झाली, आणि हात धुता धुता मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमची ज्वारी चकाकायली बघा. चिकटा पडलाय. कडबा हातचा जाईल." सासरच्या माणसांसमोर असं ऐकून घ्यायची पाळी आली की माणूस दुसऱ्या दिवशी दुकानातच दिसतो. मीही गेलो. दुकानदाराने दोन औषधं एकत्र असलेली बाटली दिली, त्यातलं एक सायपरमेथ्रिन. आधी ज्वारी, मग टाकीत उरलेल्या औषधात हरभरा, वांगी, मिरची, सगळं एका दमात उरकलं.

तिसऱ्या दिवशी ज्वारीखाली चालताना जमिनीवर तांबडे-पिवळे ठिपक्यांचे भुंगेरे उताणे पडलेले दिसले. मला वाटलं, चला, आणखी एक कीड मेली. तो माझाच राखणदार होता. पंधरा दिवसांत वांग्याच्या पानामागे बारीक जाळी धरली, शेंड्याला मावा परत आला, आणि त्या हंगामात पाच फवारण्या झाल्या. वांगी विकून आलेल्या पैशात बाटल्यांचा हिशेब बसला नाही.

बाराव्या दिवसाचं गणित

माव्याची मादी नराची वाट बघत नाही आणि अंडीही घालत बसत नाही, थेट पिल्लंच देते. ते पिल्लू आठवडाभरात स्वतः आई होतं. उलट ढालकिड्याला, म्हणजे त्या ठिपक्यांच्या भुंगेऱ्याला, अंड्यापासून भुंगेरा व्हायला तीन आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. फवारणीत दोघंही मेले असं धरा. पानाखाली लपलेले दहा-वीस मावे उरतातच, आणि त्यांच्यामागे कुणी नसतं. बारा दिवसांत त्यांच्या दोन पिढ्या होऊन जातात. राखणदाराची एकसुद्धा होत नाही.

पानं तांबूस पडतात ती वेगळी भानगड. तो लाल कोळी. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं त्याला नीट मारत नाहीत, पण त्याला खाणारे बारीक भक्षक कोळी आणि भुंगेरे मारतात. म्हणून मावा मारायला गेलो आणि कोळी पेरून आलो, असं होतं.

या कोळी शब्दाने आपला मोठा घोळ केलाय. वांग्याच्या पानामागचा ठिपक्याएवढा, रस शोषणारा तोही कोळी आणि दोन ओळींच्या मधे जाळं विणून पतंग धरणारा आठ पायांचा तोही कोळीच. दुकानात जाऊन नुसतं "कोळी झालाय" म्हटलं की कोळीनाशक हातात पडतं. एका पाहुण्याने जाळ्यातल्या मोठ्या कोळ्यांना बघून तेच आणलं होतं. पानाची मागची बाजू उलटून बघितल्याशिवाय हा शब्द दुकानात काढू नका.

ज्वारीचा चिकटा वांग्यावर जात नाही

हे एक वाक्य डोक्यात बसलं तरी निम्मी फवारणी वाचते. ज्वारीवरचा मावा ज्वारी, मका, ऊस, गवत अशा पिकांवर जगतो. वांग्यावर, मिरचीवर, हरभऱ्यावर तो बिऱ्हाड करत नाही. म्हणजे ज्वारीवर तो दिसला तर भाजीला त्याची भीती नाही. उलट भाजीच्या राखणदारांची शिदोरी ती. नोव्हेंबर-डिसेंबरात वांग्यावर मावा अजून थोडा असतो, तेव्हा ढालकिडा, क्रायसोपा (मावा खाणारा जाळीदार पंखांचा कीटक), सिरफिड माशी यांचं पोट ज्वारीवर भरतं, वीण तिथंच वाढते. मग ज्वारीचं पान राठ होऊन चिकटा उतरायला लागला की हीच फौज बाजूच्या ओळींत शिरते. आपण बरोबर त्याच्या आधी तिथं पंप नेतो.

सकाळी आठच्या सुमाराला, दंव वाळत असताना, ज्वारीचं मधलं एक पान उलटून दहा मिनिटं बघा. साधं भिंग असलं तर उत्तम. पिवळट माव्याची दाट पथारी असते, आणि तिच्यात जागोजाग मोकळ्या जागा, कुणीतरी ताटातून घास उचलल्यासारख्या. त्या मोकळ्या जागेच्या कडेला काळसर, अंगावर नारिंगी डाग असलेली, पालीच्या पिल्लासारखी लांबट अळी सापडेल. ती ढालकिड्याची अळी. दिसायला इतकी ओंगळ की खुरपायला आलेल्या मावशी तिला आधी चिरडतात. शेजारी हिरवट-पांढरी, बिनपायाची, दोन्ही टोकांना निमुळती अळी हळूच डोकं हलवत असेल तर ती सिरफिड माशीची. केसाच्या टोकावर टांगल्यासारखं पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं. आणि काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले असतात, पाठीला गोल भोक पडलेलं. त्यांच्या पोटातून गांधीलमाशीच्या जातीची, मुंगीहून बारीक माशी बाहेर पडून गेलेली असते. अशा ममी दिसायला लागल्या की पंप घरी ठेवायचा.

मुंगळ्यांची रांग खोडावरून वर जाताना दिसली तर मात्र सावध व्हा. मावा गोड चिकट पाणी सोडतो, मुंगळे ते पितात, आणि त्या बदल्यात ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकावून लावतात. तिथं राखणदार असूनही कामाला येत नाही.

आता मेहुण्याची बाजूही ऐकून घेऊ, कारण तो पूर्ण चुकीचा नव्हता. रान कोरडं पडलं, ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण बसला, चिकटा वरच्या पानांपर्यंत चढला आणि पानांवर काजळी धरली, तर कडबा खराब होतो, जनावरं तोंड लावत नाहीत. तेव्हा ज्वारीला हात घालावा लागतो. पण सगळ्या रानाला नाही, जिथं काजळी आहे तेवढ्याच पट्ट्याला. माझ्या अनुभवात असं वर्ष अधूनमधून येतं, दरवर्षी नाही. बहुतेकदा संक्रांतीपर्यंत चिकटा आपोआप उतरलेला असतो.

करडई असेल तर मात्र हा नियम लावू नका. करडईचा मावा खरा चोर आहे, तो उत्पन्न खातो. तो आधी काठाच्या झाडांवर येतो, म्हणून काठाच्या ओळी रोज बघायच्या आणि सुरुवातीला तेवढ्याच फवारायच्या. पेरणी लांबली की तो हमखास येतो.

वांग्यावरचा ठिपक्यांचा भुंगेरा: मित्र की चोर?

हे वाचून कुणी वांग्यावरचे सगळे ठिपकेवाले जपत बसेल, म्हणून आत्ताच सांगतो. वांग्यावर एपिलॅक्ना नावाचा भुंगेरा येतो. दिसतो ढालकिड्यासारखाच, पण पान खातो. ओळखायची खूण अंगाच्या चकाकीत आहे. ढालकिडा तेल लावल्यासारखा चमकतो. एपिलॅक्ना मळकट, अंगावर बारीक लव, आणि ठिपके पुष्कळ, अठ्ठावीसपर्यंत. त्याची अळी पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची. पानाचा हिरवा गर खरवडून नुसती शिरांची जाळी उरली असेल तर चोर तोच. वीस गुंठ्यांत सकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकला तरी आटोक्यात राहतो.

मोजणी पिकागणिक वेगळी

मिश्र पिकात बहुतेकांचा हिशेब इथं फसतो. रानात चक्कर मारायची, एकूण "कीड लई हाय" असं ठरवायचं आणि सगळ्याला एकच टाकी. असं नको. प्रत्येक पिकाची वेगवेगळी वीस झाडं घ्या, चार कोपरे आणि मध्य धरून. वहीचं कोरं पान झाडाखाली धरून फांदी दोनदा टिचकवा. पानावर पडेल ते मोजा: किडी एका रकान्यात, राखणदार दुसऱ्या. हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था एक ढोबळ नियम शिकवते: दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर थांबा. नियम ढोबळच आहे, कारण ढालकिड्याची मोठी अळी दिवसाला डझनांनी मावा खाते आणि बिचारा कोळी दोन-चार पतंगांवर भागवतो. तरी अंदाजापेक्षा बरा. तीन दिवसांनी पुन्हा मोजा. कीड तेवढीच आणि मित्र वाढलेले असतील, तर तुमचं काम दुसरं कुणीतरी करतंय.

हरभऱ्यात ट्रायकोकार्ड लावलं, काहीच झालं नाही

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि हिच्यात शेतकऱ्याची चूक नसते. ट्रायकोकार्डातून निघणारी ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. ज्वारीच्या कणसावरच्या घाटेअळीच्या अंड्यांत ती झकास काम करते. तीच घाटेअळी शेजारच्या हरभऱ्यावर अंडी घालते, पण तिथं ही माशी जवळजवळ निकामी. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त या अंगाने आपण त्याच्याकडे बघत नाही: हरभऱ्याची आंब. पहाटे धडपं फिरवून आपली आजी जी आंब गोळा करायची, पोटदुखीला द्यायची, तीच आंबट आंब या बारीक माशीला पानावर टिकू देत नाही. तुरीवर चिकट लव असते, तिथंही तीच गत. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत ज्वारी-तूर आंतरपिकाचा अभ्यास झाला, तेव्हा हेच दिसलं: ज्वारीवर अंड्यांतली परोपजीवी माशी भरपूर, तुरीवर नगण्य. शेजारी पेरलं म्हणून राखणदार ओळ ओलांडतोच असं नाही. आंतरपीक म्हणजे सगळ्यावर रामबाण, असं सांगणाऱ्यांना हे ऐकवायला हवं.

मग हरभऱ्याला कोण? कॅम्पोलेटिस नावाची काळपट, सडपातळ माशी. ही अंड्यात नाही, लहान अळीत अंडं घालते, आणि आंबेला जुमानत नाही. हरभऱ्याच्या पानावर साळीच्या दाण्याएवढा करडा कोष आणि त्याला चिकटलेलं अळीचं सुकलेलं कातडं दिसलं, तर समजा माशी आली. हे कोष डिसेंबरात भरपूर दिसतात, आणि कीडनाशक मारलेल्या हरभऱ्यात शोधूनही सापडत नाहीत. या माशीला मोठेपणी फुलातला मध लागतो. म्हणून हरभऱ्यात दर आठ-दहा ओळींमागे कोथिंबिरीची एक ओळ टाका आणि ती विकायला उपटू नका, फुलावर येऊ द्या. आमच्या आईला हे पटायला दोन हंगाम लागले. बाजारात जुडीला भाव असताना कोथिंबीर फुलायला सोडायची म्हणजे तिच्या लेखी पाप.

घाटेअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग दोन-तीन रात्री सापळ्यात आठ-दहा पतंग पडले, किंवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, तरच फवारणीचा विचार. पहिल्यांदा पाच टक्के निंबोळी अर्क. अळ्या बारीक असतील तर घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, हेक्टरी 250 एलई (विषाणूचं मोजमाप, बाटलीवर लिहिलेलं असतं), संध्याकाळी. उन्हात तो मरतो. ही फवारणी ढालकिड्याला आणि माशांना धक्का लावत नाही. साधारण पाच-सात दिवसांनी अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या, काळवंडलेल्या दिसतील.

पक्षीथांबे लावाच, पण एक खोच आहे. हरभऱ्यात कोतवाल आणि साळुंकी अळ्या टिपतात, ते ठीक. बाजूच्या ज्वारीत दाणा भरायला लागला की तेच थांबे चिमण्यांना हुरड्याची पंगत होतात. तेव्हा ते उपटून घ्या आणि राखण सुरू करा.

एकाच अळीला पंगत वाढून ठेवू नका

काही जोड्याच अशा आहेत की तिथं कितीही मित्रकीटक असले तरी कीड हटत नाही, कारण दोन्ही पिकं तिचीच. भेंडी आणि कापूस शेजारी लावले की तुडतुडे, पांढरी माशी आणि ठिपक्यांची बोंडअळी यांना घर बदलावंच लागत नाही. टोमॅटोला लागून हरभरा किंवा तूर असेल तर घाटेअळी आधी तुरीत, मग हरभऱ्यात, मग टोमॅटोच्या फळात. नाव बदलतं, अळी तीच, आणि एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. अशा ठिकाणी मधे ज्वारीच्या किंवा मक्याच्या चार-पाच ओळी टाका, नाहीतर जागाच बदला.

मिरचीभोवती मका किंवा ज्वारीचा काठ करायला सांगतात त्याचं कारण वेगळं आहे. उडता मावा बाहेरून येतो, आधी उंच पिकावर उतरतो, सोंड खुपसून चव बघतो. सोंडेला लागलेला मोझॅकचा विषाणू तिथंच पुसला जातो, आणि मका काही त्या रोगाने मरत नाही. पण पांढऱ्या माशीने येणारा चुरडा-मुरडा असा पुसला जात नाही, तो तिच्या पोटात असतो. तिथं काठ फक्त आडोशाचं काम करतो. मिरची बोकडलेली दिसली म्हणजे काठ फसला, असं लगेच म्हणू नका. आधी रोग कुठला ते बघा.

मक्याच्या काठाला 2018 पासून नवी डोकेदुखी आहे, अमेरिकन लष्करी अळी. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसली तर ती आलीच. औषध द्यायचं तर पोंग्यातच द्या, झाडभर नको. तुऱ्याचा परागही राखणदार खातात.

तरी फवारायची वेळ आली तर

येते. मला दरवर्षी एखादी करावीच लागते. मग एवढं सांभाळतो. ज्या पिकाला गरज आहे त्याच ओळी. भाजीवर मारायचं तर वारा ज्वारीकडून भाजीकडे असतानाच पंप सुरू करायचा, उलट असेल तर उद्या. वेळ संध्याकाळची, तुरीवर आणि भाजीवर मधमाश्या नसताना. दोन-तीन बाटल्या एका टाकीत मिसळायच्या नाहीत. लेबलवर त्या पिकाचं नाव नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, बाटली परत. उरलेलं औषध बाजूच्या पिकावर मारून संपवायचं नाही. माझं सगळं रामायण त्या उरलेल्या अर्ध्या टाकीनेच झालं होतं, म्हणून आता पाणीच मोजून घेतो.

निंबोळी अर्क घरीच करा. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर दहा लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून दोनशे ग्रॅम साबणाचं पाणी घाला आणि एकूण शंभर लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी वापरून टाका. निंबोळ्या मात्र जूनमध्ये वेचून सावलीत वाळवून ठेवलेल्या असाव्या लागतात, डिसेंबरात झाडाखाली काही नसतं. दरवर्षी हे आठवतं तेव्हा उशीर झालेला असतो, माझासुद्धा.

यंदा येळवशीला मेहुणा पुन्हा आला होता. ज्वारी चकाकत होतीच. या वेळी मी त्याला पान उलटून भिंगातून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, "दाजी, ही पालीसारखी आमच्याकडं बी हाय. आम्ही चिरडतो तिला." मग भिंग घेऊन तो वांग्याकडं गेला, आणि आंबीलीचा दुसरा तांब्या तिकडंच मागवला.